पाटीवरचं नाव कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

मी नाशिकच्या सिडकोत घरगुती मसाल्यांचा धंदा करते. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, उन्हाळ्यात कैरीचं लोणचं. आज बोलणार आहे ते पाकिटावर छापलेल्या नावाबद्दल.

सुरुवातीला मी नाव ठेवलं ‘गोदावरी मसाले’. नाशिकच्या माणसाला दुसरं काय सुचणार? पंचवटी, गोदावरी, सप्तशृंगी... बाजारात एक चक्कर मारा, निम्म्या पाट्या यांतल्याच. शॉप ॲक्टची (दुकानांच्या कायद्याची) पावती काढली, उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केली, बँकेत चालू खातं उघडलं. तिन्हीकडे तेच नाव. वाटलं, झालं, नाव आपलं!

चौथ्या वर्षी एक ताई दारात आल्या. “अहो, तुमच्या मसाल्याला वास येतोय.” पाकीट हातात घेतलं. नाव माझंच, रंग तसाच लाल. आत मसाल्याचा ओला गोळा झालेला. उलटून पाहिलं तर पत्ता नाशिकरोडचा. ताईंना पत्ता दाखवला, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांना तो बहाणाच वाटला.

तडक वकिलांकडे गेले, शॉप ॲक्टची पावती टेबलावर ठेवली. ते म्हणाले, “ताई, हे नाव दुसऱ्यानं वापरू नये असं यात कुठं लिहिलंय, दाखवा बरं.” कुठंच नव्हतं. शॉप ॲक्ट हा 2017 चा कायदा दुकानातल्या कामगारांचा: त्यांचे कामाचे तास, रजा, सुट्ट्या. दोन-तीन माणसांच्या दुकानाला तर नोंदणीही लागत नाही, नुसती सूचना द्यायची. उद्यमचंही तसंच. त्याच नावाचा आणखी कुणी आहे का, हे तिथं कुणी बघत नाही. (उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते बरं का. मी एका एजंटला त्याचे पैसे मोजले, ते वेगळंच दुखणं.)

नावावर हक्क सांगायचा तर ट्रेडमार्क. 1999 चा कायदा. तिथं मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. मसाला तिसाव्या वर्गात, लोणचं एकोणतिसाव्यात! एकाच स्वयंपाकघरातल्या दोन बरण्या, पण अर्जाची फी दोनदा. एकट्यानं धंदा करणाऱ्याला ऑनलाइन अर्जाला वर्गामागे 4,500 रुपये. नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आलं की चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरण. आणि पाकिटावर वर्तुळातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, नोंदणीआधी छापू नका, कायद्यानं ते चालत नाही. तोवर ‘टीएम’ चालतं.

मी म्हटलं, मग करा ‘गोदावरी’चा अर्ज. वकील हसले. नदीचं, गावाचं, देवाधर्माचं नाव एकट्याच्या पदरात पडणं अवघड. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव कुणालाही एकट्याला मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच सांगितलंय. आता आपल्या नाशिकच्या पाट्या डोळ्यांपुढं आणा!

माझ्याकडे एक गोष्ट मात्र होती. पहिल्या वर्षापासूनची पाकीट छपाईची बिलं बिस्किटाच्या डब्यात जपलेली. आधीपासून नाव वापरत असल्याचा पुरावा कोर्टात उपयोगी पडतो, नोंदणी नसली तरी. पण त्यासाठी भांडायचं किती? गिरणीत मिरच्या दळायला टाकून कोर्टाच्या तारखांना कोण जाणार? मी नाव सोडलं. छापून पडलेली दोन हजार पाकिटं रद्दीत गेली. अजून सलतं.

नवं नाव घरातच सापडलं. आजेसासूबाईंना सगळे ‘बयो’ म्हणायचे. या वेळी छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोध घेतला. तो फुकट घेता येतो. नुसतं तेच नाव नाही, उच्चाराला जवळची नावंही बघितली. मग अर्ज, मग छपाई.

पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा वर इंग्रजी मोठं घेऊ का म्हणाला. म्हटलं, नाही दादा, मराठी देवनागरीत घ्या, आणि दुसऱ्या लिपीतलं अक्षर त्याहून मोठं नको, तसा नियमच आहे. त्यानं ‘बयो’ लिहिलं, मागं सरकून पाहिलं आणि विचारलं, “कोण या?”

नमस्कार.