एकाच खणातली पासष्ट हजार पत्रे

Aa आणि BB या दोन अक्षरजोड्या नीट पाहा. पहिलीत कॅपिटल ए आणि स्मॉल ए आहे, तर दुसरीत दोन कॅपिटल बी आहेत. जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा अशा जोडीचा हॅश क्रमांक, म्हणजे अक्षरांवरून ठरणारा आकडा, काढताना पहिल्या अक्षराच्या संकेतांकाला ३१ ने गुणते आणि त्यात दुसऱ्याचा संकेतांक मिळवते. ६५ गुणिले ३१ अधिक ९७ म्हणजे २११२. ६६ गुणिले ३१ अधिक ६६ म्हणजेही २११२च.

या योगायोगातून सर्व्हर बंद पाडता येतो, तो असा. ऑनलाइन फॉर्म सर्व्हरवर पोहोचला की त्यातल्या प्रत्येक रकान्याचे नाव हॅश टेबलात ठेवले जाते. टपाल कार्यालयात पत्रे गावानुसार खणांत लावतात, तशीच ही रचना आहे. क्रमांक काढायचा आणि त्या खणात नाव टाकायचे. पत्रे खणांत विखुरलेली असली, तर हवे ते क्षणात सापडते. सगळी एकाच खणात पडली, तर मात्र प्रत्येक नवे नाव ठेवण्याआधी तेथली जुनी सगळी नावे एकेक करून तपासावी लागतात.

आता त्या दोन जोड्या एकापुढे एक मांडत जाऊ. दोन जागांसाठी चार नावे होतात आणि सोळा जागांसाठी ६५,५३६. या सर्वांचा क्रमांक तंतोतंत सारखा असतो. ही सारी नावे एका रिक्वेस्टमध्ये जेमतेम सव्वादोन एमबीत मावतात, पण ती टेबलात भरताना प्रोसेसरला सुमारे २१४ कोटी तुलना कराव्या लागतात. डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा ठप्प पाडणारा हल्ला, म्हटले की हजारो यंत्रांकडून येणारा लोंढा डोळ्यांसमोर येतो. येथे घरातले साधे इंटरनेट कनेक्शन पुरते.

हे कोणी दडवून ठेवले नव्हते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३ सालीच हा धोका शोधनिबंधात सविस्तर मांडला होता, आणि पर्ल भाषेच्या विकासकांनी त्याच वर्षी, ५.८.१ या आवृत्तीत, हॅश फंक्शनमध्ये, म्हणजे क्रमांक काढणाऱ्या सूत्रात, यादृच्छिक बीज (आधी ओळखता न येणारा आकडा) घालून उपायही केला होता. तरीही २८ डिसेंबर २०११ रोजी बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी प्रात्यक्षिके मांडली, तेव्हा पीएचपी, पायथन, रूबी, जावावरचे सर्व्हर आणि नोडमधले जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही८ इंजिन अशी मोठी नावे त्यात सापडली. मला या साऱ्या प्रकरणातली ही आठ वर्षेच सर्वांत अधिक खटकतात. कोड सर्वांसमोर उघडा होता, निबंधही उघडा होता. परंतु एका प्रकल्पाने बुजवलेले भगदाड आपल्याही भिंतीत आहे का, हे पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते.

पहिली डागडुजी घाईची होती. पीएचपी ५.३.९ ने जानेवारी २०१२ मध्ये एका रिक्वेस्टमधील रकान्यांवर १,००० ची मर्यादा घातली; जावावरच्या टॉमकॅट या सर्व्हरची मर्यादा १०,००० ची होती. यामुळे फॉर्मचा दरवाजा बंद झाला, पण जेसन या माहिती पाठवण्याच्या दुसऱ्या स्वरूपातून आलेली माहिती दुसऱ्या वाटेने तशाच टेबलात जात राहिली. शिवाय शेकडो कर्मचाऱ्यांची हजेरी एकाच फॉर्मवर भरणाऱ्या कार्यालयासारख्या प्रामाणिक वापरकर्त्यांचे पुढचे रकाने गळू लागले, ते वेगळेच.

यादृच्छिक बीजही नेहमी पुरेसे ठरत नाही. २०१२ मध्ये ज्याँ-फिलिप ओमासों आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी रूबीसारख्या भाषांतील मर्मरहॅश या हॅश फंक्शनसाठी अशी नावे तयार करून दाखवली, की बीज कोणतेही असो, ती एकाच खणात पडत. त्यांनीच १२८ बिटांच्या गुप्त किल्लीवर चालणारे सिपहॅश हे नवे फंक्शन सुचवले. रूबीने ते स्वीकारले, पायथनने ३.४ आवृत्तीत घेतले आणि रस्ट भाषेतील हॅशमॅप, म्हणजे तिथले हॅश टेबल, आजही मुळात त्याच घराण्यातले फंक्शन वापरतो.

जावाला मात्र आपले सूत्र बदलता येत नव्हते, कारण ते भाषेच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेले आहे. म्हणून २०१४ च्या जावा ८ मध्ये खणाची रचनाच बदलली. एका खणात गर्दी झाली की तेथली रांग संतुलित वृक्षात, म्हणजे प्रत्येक तुलनेत शोध साधारण निम्मा करणाऱ्या फांद्यांच्या रचनेत, रूपांतरित होते, आणि ६५,५३६ नावांमधून हवे ते नाव काही डझन तुलनांच्या आत सापडते. Aa आणि BB या दोन जोड्यांचा क्रमांक आजही २११२च आहे.