स्वमग्न माणूस आणि गाडीचं स्टिअरिंग

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी चालवायला कसं वाटतं, असं स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, मंडळींना विचारलं तर अगदी उलटसुलट उत्तरं येतात. काहींना गाडीत बसून काच वर केली की हायसं वाटतं. आतला आवाज, वारा, गाणं सगळं आपल्या हातात, आणि उगाच गप्पा मारायला कोणी येत नाही. काहींना शेजारी बसलेल्याशी गाडीतच मोकळेपणी बोलता येतं, कारण दोघांचीही नजर समोर असते, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. काहींना यंत्र पक्कं कळतं, नियम तोंडपाठ असतात, पण चिपळूणच्या बाजारपेठेतून गाडी काढायची म्हटली की आदल्या रात्री झोप लागत नाही. आणि काहींना गाडी मुळीच चालवायची नसते. ही सगळी उत्तरं खरी आहेत. आई-वडिलांनी ‘हा शिकणारच’ किंवा ‘हिला जमणारच नाही’ असं आधी ठरवून टाकू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या नोंदींवर फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातल्या संशोधकांनी काम केलं. बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न तरुणांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी परवाना काढला होता, तर इतरांमध्ये हे प्रमाण 83 टक्क्यांच्या आसपास होतं. हे 2018 सालचं. पुढे 2021 मध्ये त्यांनी अपघातांच्या नोंदी पाहिल्या. परवाना मिळालेल्या स्वमग्न तरुणांचे अपघात इतर नवशिक्यांपेक्षा जास्त नव्हते, आणि अतिवेगामुळे होणारे तर कमीच होते. जास्त कुठे होते? समोरून येणाऱ्या वाहनाला किंवा पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देण्यात चूक झाली तिथे, आणि समोरची वाहतूक ओलांडून वळताना. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून त्यांचं ते डावं वळण. आपल्याकडे तेच उजवं वळण होतं. शिकवणाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

उजव्या वळणाला ‘अंदाज घे’ असं सांगून भागत नाही. अंदाज म्हणजे किती, ते सांगावं लागतं. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. नवशिक्याला रस्ता ओलांडून वळायला सहा सेकंद लागतात असं धरलं, तर समोरची गाडी निदान 100 मीटर लांब हवी. ती 80 ने येत असेल तर 130 मीटरच्या पुढे. आता आपल्या नेहमीच्या फाट्यावर पायी जाऊन हे अंतर मोजा आणि खूण ठरवा: विजेचा तिसरा खांब, देवळाची कमान, काहीही. त्या खुणेच्या अलीकडे गाडी दिसली की वळायचं नाही, मग मागचा कितीही हॉर्न मारो. खूण ठरलेली असली की मनावरचा अर्धा भार उतरतो. आणि मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्यासारख्या ठिकाणी हे जड जात असेल, तर डावीकडे सुरक्षित जागी थांबून रस्ता मोकळा झाल्यावर ओलांडणं, किंवा पुढच्या भुयारी मार्गाने वळून येणं, यात काही कमीपणा नाही.

दुसरी अडचण न लिहिलेल्या नियमांची. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा लिहिलेला नियम. तो स्वमग्न चालक कसोशीने पाळतो, आणि समोरचा पाळत नाही तेव्हा त्याला नुसता राग येत नाही, तो गोंधळून जातो. समोरून डिपर आला, म्हणजे समोरच्याने हेडलाइट चमकवला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी येतोय, थांब’ असा असतो. अरुंद साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, मात्र तोच डिपर ‘तू ये आधी’ असंही सांगतो. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला: तो वळतोय, की ‘काढून घे’ म्हणतोय, की समोरून कोणी येतंय म्हणून ‘काढू नको’ म्हणतोय? इतरांना हे बघून-बघून उमगत जातं. स्वमग्न शिकाऊला ते शब्दांत सांगावं लागतं, आणि सोबत एक नियम द्यावा लागतो: दोन अर्थ निघत असतील तर ज्या अर्थाने आपण थांबतो तो धरायचा. साकवावर दोघेही थांबून राहिले, तर पाचपर्यंत मोजायचं आणि समोरच्या गाडीचं पुढचं चाक बघायचं. चाक हललं नाही तर आपण हळू निघायचं. चालकाचा चेहरा वाचण्याची गरज नाही. चाक खोटं बोलत नाही, आणि ते आधी दिसतं.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये असं मांडलं होतं, की रस्त्याच्या चित्रफितींमध्ये धोका माणसाच्या रूपात असेल तर तो स्वमग्न तरुणांच्या कमी लक्षात आला, वाहनाच्या रूपातला धोका मात्र त्यांनी इतरांसारखाच टिपला. यावर सराव करता येतो, आणि तो गाडी न चालवता. घरच्या माणसाने गाडी चालवावी, शिकाऊने शेजारी बसून मोबाइलवर रस्ता टिपावा, मग घरी थांबवत-थांबवत पाहावा: इथून कोण रस्त्यावर येऊ शकेल? उत्तरं ‘असं असेल तर असं’ या साच्यात वहीत लिहावीत. एसटी थांबली असेल, तर तिच्या पुढून माणूस येणारच असं धरून वेग 20 वर आणायचा. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, मागून चेंडू आला तर मागून मूल येणार. माशांची टोपली घेतलेली बाई रस्त्याकडेला उभी असेल, तर ती रिक्षा बघतेय, आपल्याला नाही. शिमग्यात पालखी समोर आली तर बाजूने काढायची नाही, इंजिन बंद करून थांबायचं. पावसाळी रात्री डांबरावर गुरं बसलेली असतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसते, म्हणून दिवे लो बीमवर असताना 40 च्या वर जायचं नाही.

आता शिकण्याचा क्रम. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात हलक्या वाहनासाठी 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे निदान 10 तास धरलेले आहेत. अनेक स्वमग्न शिकाऊंना त्याहून जास्त लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, पण 31 व्या दिवशी दिलीच पाहिजे असं नाही. ते सहा महिने पुरेपूर वापरा. एका वेळी 30 ते 40 मिनिटं, आणि एका दिवसात एकच नवी गोष्ट. इंजिन बंद ठेवून सीट, आरसे, पट्टा लावा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग सपाटीवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, पहिल्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडत गाडी हलते तो बिंदू पायाला कळेपर्यंत तेवढंच करायचं. कोकणात या कामाला सड्यासारखी जागा नाही: कातळावरचे सरळ, मोकळे रस्ते, लांबवर दिसणारं, झाडी कमी. गावातली आळी, बाजार, घाट, रात्र आणि पाऊस हे सगळं त्यानंतर, एकेक करून.

शिकवणाऱ्याची भाषा तुटक आणि नेमकी हवी. ‘जरा दाबून घे’, ‘सांभाळून काढ’, ‘बघून घे की’ यातून शिकाऊला काहीच कळत नाही. शब्दशः घेतलं तर ‘दाबून घे’ म्हटल्यावर ब्रेकही दाबला जाईल. त्याऐवजी ‘समोरच्या पिंपळाजवळ वेग 20 कर’, ‘डावं चाक पांढऱ्या पट्टीपासून हातभर आत ठेव’. सूचना वळणाच्या आधी द्या, वळणात देऊ नका. आणि गाडी चालू असताना ओरडू नका. ओरडल्यावर काही जणांचे हातपाय जागच्या जागी थिजतात. शिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेक असतात ते यासाठीच. ते वापरा.

गिअरची की ऑटोमॅटिक? ज्याला एका वेळी अनेक कामं सांभाळणं जड जातं, त्याने सरळ ऑटोमॅटिकवर शिकावं. हलक्या वाहनाच्या परवान्यात दोन्ही चालतात. फक्त घाट उतरताना गाडी ‘डी’मध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर उतरवू नका. ब्रेक तापतात, जळकट वास येतो आणि पकड कमी होते. गाडी एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी पण हातानेही बदलता येणारी, असेल तर लिव्हर मॅन्युअलकडे घेऊन दुसरा गिअर धरा, सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, ‘एल’ (लो) असेल तर ते. चढावर थांबून निघताना हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय, गाडीला दोनेक सेकंदच धरतो, तेवढ्यात ॲक्सिलरेटर द्यायला हवा. हे परशुराम घाटात शिकू नये, गावच्या उतारावर शिकावं.

आवाज, उजेड आणि वास यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरा थकवा तिथून येतो. वायपरची कुरकुर सहन न होणाऱ्याने मे महिन्यातच रबर बदलून घ्यावं. काच आतून धुरकटली तर हवा पुढच्या काचेवर वळवून एसी चालू करायचा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण ठेवायचं. हर्णै बंदरावरच्या मासळीचा वास नको असेल तर तेच बटण उलटं. एकाच वेळी दोन्ही होत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. समोरून हाय बीम आला की दिव्याकडे न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा आणि आतल्या आरशाची खालची खिट्टी ओढा. काचेच्या आतल्या बाजूला बसलेला तेलकट थर पुसला की चकाकी बरीच कमी होते. रात्री काळा चष्मा नको. दोन्ही कानांत हेडफोन नकोत. ओळखीचं गाणं हळू आवाजात चालेल. घाटात नेटवर्क जातं, नकाशावाली बाई मधेच गप्प होते आणि धास्ती वाढते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. शेजारी बसणाऱ्याने मुक्काम येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं, तर त्यात रुसण्यासारखं काही नाही.

खाडी ओलांडायची असेल तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला अशा फेरीबोटी आहेत. तिथे अडचण पाण्याची नसते. तिघे-चौघे एकदम हात हलवून, शिट्टी वाजवून सूचना देतात. आधी एकदा पायी जाऊन सगळं बघून घ्या. चढवताना ‘एकानेच सांगा’ असं स्पष्ट म्हणा. बोटीला रॅम्प एकाच टोकाला असेल तर गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते. ते जमत नसेल तर तेवढ्यापुरतं सोबतच्याने चालवावं. वर गेल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद.

मेंदूवर भार फार झाला, शब्द सुचेनासे झाले, हात बधिर वाटू लागले, तर करायचं काय ते घरीच ठरवून ठेवावं. डावा इंडिकेटर, वेग कमी, बाजूला, हँडब्रेक, इंजिन बंद, चारही दिवे लुकलुकते. मग काहीही न करता बसायचं. पावसाळ्यात मात्र डांबर सोडून साइडपट्टीवर उतरू नका. लाल मातीत चाक रुततं आणि त्रास दुप्पट होतो. म्हणून नेहमीच्या वाटेवर पेट्रोलपंप, शाळेचं पटांगण, हॉटेलचं आवार अशा पक्क्या जागा दर 10 किलोमीटरला आधी हेरून ठेवा. रत्नागिरी ते चिपळूण साधारण 90 किलोमीटर. मधे संगमेश्वरला थांबायचंच, थकवा असो वा नसो. पोचल्यावर लगेच पाहुण्यांत बसवू नका.

परवान्याच्या अर्जात नमुना 1 असतो. त्यात फेफरं, चक्कर, 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येणं, रंग ओळखणं असे प्रश्न आहेत. स्वमग्नतेचं नाव त्यात नाही, पण गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार किंवा अपंगत्व आहे का, हे विचारलेलं आहे. प्रामाणिक उत्तर द्या. काही स्वमग्न व्यक्तींना फेफऱ्याचाही त्रास असतो, आणि झोप आणणारी औषधं चालू असतात, म्हणून डॉक्टरांशी आधी बोला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्याचा आधार घेऊन आरटीओमध्ये कमी गर्दीची वेळ मागता येते. आदल्या दिवशी जाऊन रांग आणि चाचणीची जागा बघून यावी. नाकाबंदीत पोलिसाने थांबवलं आणि नजर चुकवली गेली तर संशय येऊ शकतो. म्हणून सनव्हायझरमागे एक कार्ड ठेवा: ‘मी स्वमग्न आहे. सावकाश, एकेक प्रश्न विचारा. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत.’ खाली घरचा फोन नंबर.

आणि जे मागून येतात त्यांच्यासाठी. चढावर पांढऱ्या पाटीवरचा लाल ‘एल’ दिसला की एक गाडी मावेल एवढं अंतर सोडून थांबा. हाफ क्लचवर ती गाडी हात-दोन हात मागे येते. हॉर्न वाजला की चालकाचा पाय क्लचवरून झटकन निघतो, इंजिन बंद पडतं आणि गाडी आणखी मागे येते.

नमस्कार.