खड्डा पडण्याआधीचा पैसा

प्लांटमधून निघालेला हा डांबर-खडीचा माल १५० अंशांच्या आसपास गरम असतो. तो रस्त्यावर पसरणारी ही माणसं धावतायत ती त्यासाठीच. ९०-१०० अंशांच्या खाली उतरला की रोलर कितीही फिरवा, थर नीट दबत नाही. आत पोकळी राहते, आणि पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

महाराष्ट्रातल्या एका 'क' वर्ग, म्हणजे लहान शहराच्या नगरपरिषदेचा हा रस्ता. इथे रोलर पोहोचण्याआधी कागद बरेच फिरलेले असतात. अभियंता रस्ता मोजतो, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक करतो. मग तांत्रिक मान्यता, सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, आणि काम सुरू करण्याचा कार्यादेश. काम झालं की लांबी, रुंदी, जाडी मोजमाप पुस्तिकेत चढते. हीच ती पुस्तिका. ठेकेदाराचं देयक या नोंदींवर निघतं, म्हणून या पानावरची जाडी रस्त्यावर खरोखर आहे का, हे बघणारा माणूस जागेवर हवाच.

पैसा कुठून येतो? १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने रस्ते आणि पूल स्थानिक संस्थांच्या विषयांत आले. पण १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, गेली. तिच्या जागी आलेलं सहायक अनुदान मुख्यतः पगारात संपतं. हातात उरते ती मालमत्ता कराची वसुली. केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे येतात, पण पंधराव्या आयोगाने लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला. राज्याच्या नगरोत्थानसारख्या योजनेतून रस्ता मिळतो, तो नवा रस्ता. नव्या रस्त्याचा प्रस्ताव पाठवायला जागा आहे. भेगा भरायचा प्रस्ताव पाठवायचा कुणाकडे? तो खर्च नगरपरिषदेच्या स्वनिधीतून, आणि तिथे आधी वीजबिल, मग पाणीपुरवठा, मग उरलं तर दुरुस्ती.

आता रस्त्यावर साचलेलं हे पाणी पाहा. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार लागतो. इथे जुना थर न खरवडता त्यावर नवे थर चढत गेले. उतार मोडला, गटाराचं तोंड बुजलं, रस्ता घरांच्या उंबऱ्यांपेक्षा वर गेला. साचलेलं पाणी भेगेतून आत उतरतं, खडीवरचं डांबर सोडवतं. मग चाकाखाली खडी निखळते आणि खड्डा दिसतो. मे महिन्यात ती भेग भरली असती, गटार उपसलं असतं, तर हा खड्डा पडलाच नसता, असं आम्ही ठामपणे म्हणतो. भर पावसात मुरूम टाकणं म्हणजे तोच पैसा पुन्हा पाण्यात घालणं.

आणि ही खोदाई. डांबर पडून थोडे दिवस झाले, तोवर जलवाहिनीचा चर आला. पाणीपुरवठा आणि बांधकाम हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात. खोदाईची परवानगी देताना दुरुस्तीचं शुल्क घेतात. ते त्याच रस्त्यावर खर्च झालं पाहिजे, आणि चर थराथराने दाबून भरला पाहिजे. इथे वर नुसती माती ओढली आहे.

अशा रस्त्यांवर दुचाकीस्वार पडतात, जीवही जातात.

नव्या रस्त्यासोबत दोषदायित्व कालावधी येतो. त्या मुदतीत खड्डा पडला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने भरायचा. मुदत कधी संपते, हे करारात लिहिलेलं असतं. करार आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कुणीही मागू शकतो. अर्थसंकल्पाच्या सभेआधी नगरपरिषदेकडून प्रत्येक रस्त्याची यादी घ्या: शेवटचं डांबरीकरण कधी झालं, दोषदायित्व कधीपर्यंत आहे, पुढच्या वर्षभरात तिथे कोणती वाहिनी टाकायची आहे, आणि पावसाआधीच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम किती धरली आहे.