सिंगापूर–बँकॉक: जाताना दीड तास, येताना साडेतीन?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आज कॅमेरा लावून बसलेच.

आधी सोपं उरकते. सिंगापूर ते बँकॉक सरळ हवाई अंतर साधारण १,४०० किलोमीटर. थेट विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात, आणि त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जायचा वेळही धरलेला असतो. झालं.

आता तो प्रश्न. "ताई, तिकिटावर सिंगापूरहून ९ ला निघून बँकॉकला १०:२५ ला पोहोचतं. येताना मात्र १२ ला निघून ३:३०! असं कसं?"

एकाने उत्तरही देऊन टाकलंय: जाताना वारा पाठीशी असतो. नाही हो! वाऱ्याने या अंतरात काही मिनिटं इकडेतिकडे होतील, दोन तास नाही. जाताना २ तास २५ मिनिटं आणि येताना अडीच तास, एवढाच फरक आहे. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची छापतात.

पटत नाही? हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवा. सिंगापूरचे ९ म्हणजे आपले साडेसहा. बँकॉकचे १०:२५ म्हणजे आपले ८:५५. करा वजाबाकी. आले ना २ तास २५ मिनिटं?

गोंधळ होतो, कारण नकाशावर सिंगापूर बँकॉकच्या जवळजवळ सरळ खाली दिसतं. सूर्याच्या हिशेबाने दोन्हींत जेमतेम १३ मिनिटांचा फरक. पण मलेशियाने आपल्या दोन्ही भागांची वेळ एक केली, तेव्हा १९८२ च्या सुरुवातीला सिंगापूरनेही बँकॉकपेक्षा आधीच अर्धा तास पुढे असलेलं घड्याळ आणखी अर्धा तास पुढे केलं. म्हणून तिथे सकाळी सातला कुठे उजाडतं. माझी आई पहिल्या दिवशी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी, "अगं, इथे सकाळ होते की नाही?"

मी एवढी मागे का लागलेय? बँकॉकहून सिंगापूर, तिथून वेगळ्या तिकिटावर मुंबई, असं मी आईला घेऊन आले होते. १२ ला निघालो, अडीचला पोहोचू, पुढचं विमान साडेपाचला, म्हणजे हातात तीन तास, असा माझा हिशेब. उतरलो तेव्हा साडेतीन वाजले होते. इमिग्रेशन, बॅगा, पुन्हा चेक-इन... आईचे गुडघे दुखतात आणि मी तिला जवळपास ओढत नेत होते. विमान मिळालं, पण तिचा चेहरा आठवला की अजून कसंतरी होतं. म्हणून सांगते, बँकॉकहून सिंगापूरला येताना एक तास जातो. तो आधीच वजा करा.

आणि हो, बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. स्वस्त तिकीट बरेचदा डॉन म्युआंगचं असतं. सुवर्णभूमी आपलंच नाव वाटतं ना? संस्कृतच आहे ते, पण थाई लोक म्हणतात 'सुवन्नफूम'. टॅक्सीवाल्याला तसंच सांगा, आणि तिकिटावर बीकेके (म्हणजे सुवर्णभूमी) आहे की डीएमके (म्हणजे डॉन म्युआंग), ते गाडीत बसायच्या आधी बघा. दोन्हींमध्ये चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे, त्यात बँकॉकचं ट्रॅफिक.

तुमच्या तिकिटावरच्या दोन्ही वेळा कमेंटमध्ये टाका. मी एकेकाची वजाबाकी करून देते.