दरजांमधला धोबी: वाई ते मेणवली

(पडदा काळा. पाण्याचा आवाज. मग एक लांब, गोड शीळ.)

सकाळचे साडेसहा. वाईच्या गणपती घाटावर बावीस जण जमलेत. दुर्बिणी गळ्यात, चपला बहुतेकांच्या चुकीच्या.

आमचा वाटाड्या आधी पक्षी दाखवत नाही, देवळाची पाठ दाखवतो. ढोल्या गणपतीला समोरून सगळेच हात जोडतात. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं ते कृष्णेच्या अगदी पात्रालगत. म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती. पुराचं पाणी या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीला अडवायचं नाही, वाट द्यायची.

आता खाली, पायऱ्यांकडे. मघाची शीळ याची. कवड्या धोबी. चोचीत गवताची काडी, शेपूट वरखाली. दोन पायऱ्या चढला, थांबला, आजूबाजूला पाहिलं आणि दोन चिऱ्यांमधल्या फटीत शिरला. काडी आत, पक्षी बाहेर. पंधरा मिनिटांत सात खेपा. आम्ही मोजल्या, चहा तेवढा गार झाला.

या फटींना गवंडी दरजा म्हणतात. धोब्याला घरट्यासाठी अशीच सापट लागते: घाटाची, भिंतीची, पुलाखालची. डागडुजीत दरजा सिमेंटने भरल्या की घाट नवा दिसतो. धोब्याची जागा गेली.

पुढे तीनेक किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला. पुलाखाली तारवाली भिंगरीचं चिखलाचं घरटं, वाटीएवढं. पाण्यावर कवड्या खंड्या, एकाच जागी पंख फडफडवत. (धोबी कवड्या, खंड्याही कवड्या, दोघे काळेपांढरे.) मध्ये सांडपाण्याचा एक ओहोळ. तिथे सगळ्यांनी पावलं उचलली, कॅमेऱ्यानेही.

मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीत उतरलेला घाट, मेणेश्वराचं देऊळ. आणि ही घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले. एक भीमाशंकरला गेली, एक इथे आली. जवळून पाहा. बाळ येशूला घेतलेली मेरी, आणि आकडा: 1707.

(टोल. निवेदन नाही. घुमणारा नाद पूर्ण विरेपर्यंत घाट.)

शेवटच्या पायरीवर एक शाळकरी मुलगी घंटेकडे पाठ करून बसलीये. एकेक दरज वाकून बघतेय.