न शिकलेल्या माणसाची आठवण कशी मोजायची?

[दृश्य: मेट्रोची खिडकी, मग गाव, मोहरीची शेतं]

दिल्लीहून मेट्रोची जांभळी लाईन पकडली की शेवटचं स्टेशन लागतं राजा नाहर सिंह, म्हणजे बल्लभगढ, हरियाणातला फरीदाबाद जिल्हा. तिथून गाडीने आत शिरलं की हे असं दिसायला लागतं. मोहरीची शेतं, दारात म्हशी, खाटेवर हुक्का घेऊन बसलेले म्हातारे, आणि रस्त्याच्या कडेला गोवऱ्यांचे हे झोपडीसारखे रचलेले बिटोडे, वरून शेणाने लिंपून घेतलेले. दिल्लीचं एम्स 1965 पासून या भागातल्या गावांमध्ये काम करतंय. लसीकरण, बाळंतपणं, घरोघरच्या नोंदी. आणि इथेच 1990 च्या दशकात डिमेन्शियावरचं, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू जाते त्या आजारावरचं, एक संशोधन झालं, ज्याची गोष्ट आपल्याकडे फार कुणी सांगत नाही.

[दृश्य: छापील प्रश्नपत्रिका, क्लोजअप]

हा कागद बघा. मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, एमएमएसई. 1975 साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी बनवली. 30 मार्कांची परीक्षा, दहाएक मिनिटांत होते, जगभरातले डॉक्टर वापरतात. शंभरातून सात वजा करत जा, किंवा एक शब्द उलटा स्पेल करा. मनाने एक वाक्य लिहा. कागदावर लिहिलंय ते वाचा आणि तसं करा, आणि तिथे लिहिलेलं असतं, डोळे मिटा. शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन, ते बघून तसेच काढायचे.

[दृश्य: ओट्यावर बसलेल्या आजी]

आता हीच परीक्षा या आजींना द्या. वाचता येत नाही, मार्क गेला. लिहिता येत नाही, तोही गेला. वजाबाकी शाळेत करतात आणि शाळा यांनी बाहेरूनच पाहिलेली. आजींना काही झालेलं नाहीये, कुठल्या नातवाच्या जन्माच्या वेळी शेतात कुठलं पीक उभं होतं ते त्या सांगतात, पण कागद म्हणणार की यांची स्मृती गेली. आणि उलटंही होतं बरं का, खूप शिकलेला माणूस आतून विसरायला लागलेला असतो तरी जुन्या सवयीवर पास होऊन जातो.

बल्लभगढच्या अभ्यासात 55 वर्षांवरचे 5,126 लोक होते आणि त्यातले 73.3 टक्के निरक्षर. म्हणजे चारातल्या जवळपास तिघांसाठी ती परीक्षा निरुपयोगी. हा भारत आणि अमेरिकेचा एकत्र अभ्यास होता. पिट्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञ मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की आधी परीक्षाच नीट करायची, मग माणसं मोजायची. नुसतं हिंदी भाषांतर करून भागणार नव्हतं, एकेक प्रश्न नक्की काय तपासतो ते बघून तेच तपासणारा इथला प्रश्न शोधायचा होता.

[दृश्य: आरोग्य कार्यकर्ती आजींना प्रश्न विचारतेय]

हा सीन आम्ही आत्ताचा शूट केलाय, पण प्रश्न त्याच परीक्षेतले आहेत, हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, जी 1995 साली प्रसिद्ध झाली. ऐका. शहर कुठलं, बिल्डिंगचा मजला कुठला असं विचारत नाहीत, गाव कुठलं, गावाला पोस्ट ऑफिस कुठलं लागतं असं विचारतात. शंभरातून सात वजा नाही, आठवड्याचे वार उलटे म्हणा. आता आजींचा चेहरा बघा, शनिवार, शुक्रवार, गुरुवार, इथे थांबल्या, बोटांवर मोजतायत, बुधवार. वार उलटे म्हणायला लक्ष एका जागी धरून ठेवावं लागतं, वजाबाकीतही तेच तपासायचं होतं, पाढे नव्हते तपासायचे.

वाक्य लिहा याच्याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. आणि त्या वाचायच्या प्रश्नाचं काय केलं, तर कार्यकर्ती म्हणते माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करते तसं करा, आणि स्वतः डोळे मिटते. बस्स. आजी हसतात आणि डोळे मिटतात. मला विचाराल तर या सगळ्या परीक्षेतली सगळ्यात हुशार जागा हीच.

[दृश्य: पेन्सिल धरलेला हात, क्लोजअप]

चित्र मात्र ठेवलंय. पंचकोन नाहीत, चौकोनाच्या आत एक शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन. पेन्सिल कशी धरलीय बघा, मुठीत, कुंचा धरावा तशी. वेळ लागतोय, कुणी घाई करत नाहीये.

आणि हे अर्धंच झालं. दुसरा भाग घरच्यांसाठी, कारण विसरणं आणि रोजचं काम अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी वेगळी प्रश्नावली केली. जेवल्याचं विसरतात का, गावातल्या गावात रस्ता चुकतात का, होळी-दिवाळी लक्षात असते का. सून सांगते, मुलगा सांगतो, आणि "वयच झालं आता" म्हणून जे सोडून दिलेलं असतं ते इथे पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतं.

दोन्ही चाळण्यांत अडकलेल्या 536 जणांना, आणि तुलनेसाठी ठीक असलेल्या 270 जणांना, डॉक्टरांनी नीट तपासलं. 1998 साली निकाल आला, 65 वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शिया 1.36 टक्के, त्या वेळी जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी. आणि साक्षर-निरक्षर असा फरक त्यात दिसला नाही! का कमी, यावर वाद झाले, जीन्सचा, म्हणजे आनुवंशिकतेचा मुद्दा आला, आजार झाल्यावर माणूस किती जगतो हा आला.

पुढे देशभरात लासी-डॅड नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातही ही हिंदी परीक्षा वापरली, पद्धत वेगळी होती म्हणून आकडे थेट जुळवता येत नाहीत, आणि 2023 ला आलेला अंदाज आहे 60 वर्षांवरच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे साधारण 88 लाख माणसं, खेड्यात जास्त, बायकांत जास्त. त्यांची काळजी घरातच घेतली जाते, बहुतेक वेळा बायकाच घेतात.

[दृश्य: महाराष्ट्र, एसटी स्टँड, दवाखान्याबाहेरची रांग]

आपल्याकडे या. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, भारतीय भाषांसाठी अशा चाचण्यांचा एक संच केला, फार चांगलं काम आहे, पण तो सुरू झाला पाच भाषांत, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. पहिल्या पाचात मराठी नाही. मराठी बोलणाऱ्या इतक्या म्हाताऱ्या माणसांचं काय? आणि मराठी तरी कुठली, पुण्यातली का मालवणातली का गडचिरोलीतल्या आजीची? बल्लभगढमध्ये जे केलं ते इथे जिल्ह्याजिल्ह्यात करायला हवं, ते होईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. घरातल्या कुणाला तपासायला नेलंत तर डॉक्टरांना आधीच सांगा शिक्षण किती झालंय, घरात कुठली बोली बोलतात, ऐकायला-दिसायला नीट येतं का, आणि सोबत न्यायचं ते दिवसभर त्यांच्याबरोबर असणाऱ्या माणसाला, नुसत्या गाडी चालवणाऱ्या मुलाला नाही. अर्धी उत्तरं त्या माणसाकडे असतात.