हुकूम एकाला, हलतं सगळं घर

(सैनिक कुटुंबांच्या मेळाव्यात एका निवृत्त सुभेदार क्लार्कने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सैनिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सरहद्द येते. मी फौजेत क्लार्क होतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर कागद येतो. बदलीचा हुकूम आधी माझ्या टेबलावर यायचा आणि मग जवानाच्या हातात पडायचा. हुकूम वाचून कोणाचा चेहरा खुलला, कोण गप्प झाला, कोण बाहेर जाऊन लगेच फोन लावायला लागला, हे मी नोकरीभर पाहिलं. आज समोर ज्या भगिनी बसल्या आहेत, बोलायचं आहे ते मुख्यतः त्यांच्याशी. फोन त्यांनाच लागायचा.

त्या हुकमात काय असतं? नंबर, रँक, नाव, कोणत्या युनिटमधून कोणत्या युनिटला, आणि कधीपर्यंत हजर व्हायचं. बायको, मुलं, म्हातारे आईवडील यांच्याबद्दल अवाक्षर नसतं. फौज माणूस हलवते आणि घराने कुठे राहायचं ते बहुतेक वेळा घरावर सोपवते. बदलीतलं अवघड काम हे आहे, असं माझं मत आहे. पण होतं काय, की पेट्या भरायला आपण पंधरा दिवस घेतो आणि हा निर्णय फोनवर पाच मिनिटांत उरकतो. ‘तू गावाला जा, मी बघतो पुढचं.’ झालं!

बदली दोन तऱ्हेची असते आणि घराच्या दृष्टीने या दोन्हींत फार अंतर आहे. पायदळाची पलटण एकत्र हलते. मराठा लाइट इन्फंट्रीची एखादी बटालियन पीसमध्ये, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा शांत ठाण्यावर, दोन-तीन वर्षं काढते, मग तिची फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सरहद्दीकडच्या ठिकाणची, पाळी येते. ॲडव्हान्स पार्टी पुढे जाऊन नव्या जागेचा ताबा घेते, मग मेन बॉडी निघते, आणि रिअर पार्टी मागे राहून जुन्या जागेचा हिशेब चुकता करते. अशा बदलीत गाव नवं असलं तरी माणसं जुनीच असतात. शेजारची भाभी तीच, वेल्फेअर मीटिंगला भेटणाऱ्या बायका त्याच. संदेश पोचवणारी सिग्नल्स, यंत्रं दुरुस्त करणारी ईएमई, रसद पुरवणारी एएससी, मेडिकल या कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या शाखांमध्ये, मात्र बरेचदा एकट्याची पोस्टिंग निघते. तिथे बाई नव्या कॅन्टोन्मेंटमध्ये उतरते तेव्हा पाण्याची वेळ काय, हे सांगायलाही ओळखीचं कोणी नसतं. पलटणीच्या घरांना या दुसऱ्या प्रकारच्या एकटेपणाची कल्पना नसते, म्हणून सांगतो. अशी कोणी तुमच्या ब्लॉकमध्ये आली, तर पहिल्या दिवशी दार वाजवा.

जवानांच्या आणि जेसीओंच्या, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्या, पोस्टिंगा त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडून, निघतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. अधिकाऱ्यांचं काम दिल्लीच्या मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडे असतं. घरात खरोखर अडचण असेल, कोणी गंभीर आजारी असेल, तर कम्पॅशनेट ग्राउंडवर, म्हणजे बदलीचा सहानुभूतीने विचार व्हावा म्हणून, अर्ज करता येतो. तो युनिटमार्फत, कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीने जातो. इथे कृपा करून एक करू नका: आमदार-खासदारांची चिठ्ठी जोडू नका. बाहेरून वशिला आणणं नियमात बसत नाही, आणि त्या चिठ्ठीचा जाब शेवटी जवानालाच द्यावा लागतो. डॉक्टरांचे कागद जोडा.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो. पार्ट टू ऑर्डर. नाव रुक्ष आहे, पण नव्या स्टेशनवर तुमचं सगळं याच्यावर चालतं. जवानाच्या आयुष्यात जे घडतं, म्हणजे लग्न, मूल होणं, कोणी जाणं, त्याची नोंद युनिट पार्ट टू ऑर्डरने छापतं आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. ही नोंद झाली नाही तोवर फौजेच्या लेखी त्या जवानाचं लग्नच झालेलं नसतं. गावात मांडव पडला होता, सगळ्या तालुक्याने अक्षता टाकल्या होत्या, त्याचा उपयोग शून्य. नोंद नाही म्हणून डिपेंडंट कार्ड, म्हणजे कुटुंबाचं ओळखपत्र, नाही. कार्ड नाही म्हणून एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, अडवणूक. फॅमिली क्वार्टरच्या यादीत नाव नाही. आणि हे सगळं कधी कळतं? बदली होऊन नव्या ठिकाणी पोचल्यावर, मूल तापाने फणफणलेलं असताना.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी पहिलं नावसुद्धा बदलतं. मग मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं आणि जवानाने सुट्टीवरून परत आल्यावर घाईत लिहून दिलेलं चौथं. एका जवानाने बायकोचं हौसेने ठेवलेलं नवं नाव रेकॉर्डला दिलं. घरात त्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं आणि एकाही सरकारी कागदावर ते नव्हतं. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, मग गॅझेट, मग पुन्हा पार्ट टू ऑर्डर. तोवर त्याची पुढची बदली आली. म्हणून पीसमध्ये असताना, हातात वेळ असताना, एका दुपारी सगळे कागद समोर घेऊन बसा आणि नावातलं अक्षर न् अक्षर जुळवा. मुलांची जन्मतारीखही बघा.

बरं, फील्डची ऑर्डर आली. आता घर कुठे? मार्ग ढोबळमानाने तीन. एक, लष्करी निवासात राहायचं. नियमात बसेल तोवर जुन्या पीस स्टेशनचं क्वार्टर ठेवायचं, किंवा निवडक स्टेशनांवर सेपरेटेड फॅमिलींसाठी जी घरं असतात, ज्यांना सगळे एसएफ क्वार्टर म्हणतात, तिथे जायचं. दुसरा, मुलांच्या शाळेजवळ शहरात भाड्याने राहायचं. तिसरा, गावी सासरी.

लोक विचारतात, यातलं चांगलं कोणतं? मी उलट विचारतो, थोरलं मूल कितवीत आहे? माझ्या मते निम्मं उत्तर त्यातच असतं. मूल लहान असेल, बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत, तर गावी जायला काही हरकत नाही. आजी-आजोबा मिळतात, मराठी पक्की होते. सातवी-आठवीच्या पुढे मात्र शाळा तोडताना दहादा विचार करा. केंद्रीय विद्यालयातून आलेलं पोर गावातल्या मराठी शाळेत बसतं तेव्हा त्याला लिपी येते, पण विज्ञानाच्या पुस्तकातला शब्दच येत नाही. हुशार पोरगं मागच्या बाकावर जाऊन बसतं आणि घरी म्हणतं, मला शाळा आवडत नाही. आईला वाटतं बाप जवळ नाही म्हणून असं करतंय.

केंद्रीय विद्यालयं निघाली तीच मुळी या दुखण्यावर. दुसऱ्या वेतन आयोगाने शिफारस केली आणि १९६३ साली वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. तेव्हा त्यांना सेंट्रल स्कूल म्हणत. बाप कुठेही जावो, अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, हा त्यातला विचार. प्रवेशाचा अग्रक्रम ठरवतानाही आईबापाच्या मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात. म्हणजे ज्या बदल्यांना आपण शिव्या घालतो त्याच तिथे उपयोगी पडतात. म्हणून प्रत्येक बदलीचा पुरावा फाइलमध्ये ठेवा. आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ची. तिच्याही शाळा बहुतेक मोठ्या कॅन्टोन्मेंटमध्ये आहेत. जुन्या शाळेतून ट्रान्सफर सर्टिफिकेट घेताना शेरा, सही, शिक्का तिथेच उभं राहून तपासा. हजार किलोमीटरवरून एका शिक्क्यासाठी परत जाता येत नाही.

बारावीनंतरचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला डिफेन्सचे गट आहेत, डेफ-१, डेफ-२ आणि डेफ-३. पहिला महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांचा, दुसरा इथलेच रहिवासी पण नोकरीत असलेल्यांच्या मुलांचा, आणि तिसरा बाहेरचे पण बदलीने महाराष्ट्रात आलेल्यांच्या मुलांचा. पहिल्या दोन्हींना बापाचा महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला लागतो. अठरा-वीस वर्षं राज्याबाहेर काढलेल्या माणसाने हा दाखला ऐन जूनमध्ये काढायला धावू नये. सुट्टीवर याल तेव्हा काढून ठेवा.

घर कुठे ठेवायचं, याचं उरलेलं निम्मं उत्तर आहे सासरचं. इथे मी जरा स्पष्ट बोलतो, सासू-सासरे मंडळीही बसली आहेत, राग मानू नका. पीसमध्ये पाच-सहा वर्षं काढलेली सून ही लग्न होऊन आलेली तीच मुलगी राहिलेली नसते. तिने परप्रांतात बँक सांभाळलेली असते, एमएचमध्ये रांगेत उभं राहून औषधं आणलेली असतात, हिंदीत भांडून गॅस मिळवलेला असतो. ती घरी परत येते आणि तिला दळण आणायलाही विचारून जावं लागतं. दोन महिन्यांत घरात धुसफूस सुरू होते आणि ती सगळी फोनवरून जवानाच्या कानात जाते. तो बिचारा उंचावरच्या पोस्टवर, नेटवर्क मिळालं की दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकतो. आमच्या ऑफिसात अशा जवानांना साहेब समजावायचे, सुट्टी द्यायचे. पण सुट्टीने हे मिटत नाही. जायच्या आधी बोलून ठेवलं तर बरंचसं मिटतं. पैसे कोणाच्या खात्यात येणार, त्यातले घरखर्चाला किती, मुलांच्या शाळेचा शब्द कोणाचा, हे तिघांनी, म्हणजे नवरा, बायको आणि आईवडील यांनी, समोरासमोर बसून ठरवावं. आणि आईवडिलांना सांगायचं काम मुलाने करावं. सुनेच्या तोंडून वदवू नये.

एसएफ क्वार्टरबद्दल पुष्कळ जणांच्या मनात अढी असते. बाई एकटी कशी राहणार? अहो, तिथे सगळ्याच एकट्या असतात, म्हणून कोणी एकटी नसते. आत कॅन्टीन, म्हणजे लष्करी दुकान, असतं, एमएच हाताशी असतं, शाळेची बस असते. यादी मात्र लांब असते आणि घर लगेच मिळत नाही. ऑर्डर हातात पडायची वाट बघू नका, पलटणीची पाळी जवळ आलीय हे कळलं की अर्जाची चौकशी सुरू करा. माझं झुकतं माप इकडे आहे, लपवत नाही. पण घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील, तर माझं माप तुमच्या कामाचं नाही.

सामानाबद्दल फार बोलत नाही, तुम्ही सगळ्या त्यात माझ्या गुरू आहात. काळ्या पेटीवर नाव कसं रंगवायचं हे मी काय शिकवू! पैशाचं तेवढं सांगतो. बदलीला कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते, साधारणपणे शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराच्या ऐंशी टक्के. सामानाचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा, त्याला रँकप्रमाणे वजनाची आणि दराची मर्यादा. ट्रकवाल्याकडून पक्की पावती घ्या. कच्च्या चिठ्ठीवर क्लेम परत येतो, आणि तो परत पाठवणाऱ्या क्लार्कला शिव्या देऊन उपयोग नसतो. अनुभवाचे बोल आहेत.

क्वार्टर सोडताना मार्चिंग आउट होतं. एमईएसचा, म्हणजे लष्करी इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो: पंखे इतके, बल्ब होल्डर इतके, कपाटाच्या काचा शाबूत. जे नाही त्याचे पैसे बॅरॅक डॅमेज म्हणून पगारातून जातात. त्यामुळे खरी हुशारी मार्चिंग इनच्या दिवशी दाखवायची. आत शिरताना जी काच फुटलेली आहे ती त्याच दिवशी यादीत फुटकी लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. प्रवासाने जीव दमलेला असतो, वाटतं करू नंतर. ते नंतर तीन वर्षांनी उगवतं.

गाडी असेल तर तिचाही विचार करा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते. आधी एनओसी, मग तिथला रोड टॅक्स, मग इथला परत मागण्याची खटपट. २०२१पासून बीएच सिरीज, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा ‘भारत’ नंबर, आली आहे आणि ती सैनिकांना घेता येते. टॅक्स दोन-दोन वर्षांच्या हिशेबाने भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. नवी गाडी घेणार असाल तर शोरूममध्येच विचारा, कारण ते आपणहून सांगतीलच असं नाही.

शेवटचा मुद्दा, आणि मग तुमचे प्रश्न. फील्डमधल्या युनिटचा पत्ता तुम्हाला पाठ असतो, अमुक युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो, पिनकोडवरूनही डोंगर कळत नाही. पलटण इकडून तिकडे गेली तरी पत्र पोचतं, आणि पाकीट हाताळणाऱ्या कोणालाही ती कुठे आहे ते समजत नाही. एवढी व्यवस्था केल्यावर आपण स्टेटसला टाकतो, ‘आज साहेबांची पलटण निघाली’, खाली स्टेशनचा फोटो, गाडीचा नंबर, आणि वर जय हिंद. पाहुणे विचारतात, कुठे आहे पोरगा? ‘ड्यूटीवर आहे’ एवढं उत्तर पुरतं. आता विचारा. पार्ट टू ऑर्डरपासून सुरुवात केलीत तर मला आवडेल, आणि कोणाची पलटण कुठे आहे हे मात्र मलाही सांगू नका.